सव्वीस फुल्या

कॅप्टन खल्फान अल-रियामीला साठ पूर्ण व्हायला एकवीस दिवस उरले होते, आणि त्याची बायको झुवैना ओमानमधल्या निझवा गावच्या घरी बसून ते मोजत होती. सकाळी तिचा फोन आला की मुलीच्या नावाने, रय्याचे बाबा म्हणून हाक, आणि पहिलं वाक्य ठरलेलं.

"अबू रय्या, एकवीस राहिले. खजूर पिकायला लागलाय. वर चढायला माणूस मिळत नाही."

"साठीच्या माणसाला झाडावर चढवतेस?"

"आभाळात चढता तेव्हा बरी साठी आठवत नाही!"

झाडावर चढायची खल्फानला भीती वाटायची, हे मागच्या मोसमापर्यंत निझव्यात एकट्या झुवैनाला ठाऊक होतं. दहा हजार फुटांवर बसून मजेत वेलचीचा कहवा पिणाऱ्या या माणसाचे पाय बारा फुटांच्या खजुरावर लटपटायचे. मागच्या मोसमात तो अर्ध्या खोडाला मिठी मारून डोळे मिटून बसला होता आणि शेजारच्यांनी त्याला धरून खाली आणला होता. त्यानंतर आठवडाभर तो मशिदीत मागच्या दाराने जात होता.

पण खजूर हा त्याच्या दुःखाचा छोटा भाग. मोठा भाग असा की त्याला विमान सोडायचं नव्हतं. एकोणीस आसनांचं, दोन पंख्यांचं ते विमान घेऊन तो समुद्रकाठच्या सलालाहून वाळवंटातल्या मरमूलच्या तेलविहिरींवर कामगार न्यायचा आणि सुट्टीवर निघालेले परत आणायचा. तेहतीस वर्षं. ना त्याची कुठे बातमी झाली, ना कधी फोटो छापून आला. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. सकाळी साडेपाचला गणवेशाची बटणं लावताना त्याला अजून नव्या नोकरीला लागल्यासारखं वाटायचं, आणि ही गोष्ट तो लाजेने कुणाला सांगायचा नाही.

त्याच्या कंपनीत साठीनंतर माणूस ठेवायचा की नाही हे एकाच उड्डाणावर ठरायचं. कंपनीचा तपासनीस शेजारी बसणार, खाली उतरल्यावर कागदावर सही करणार किंवा करणार नाही. दुसरी संधी नाही. आणि या वर्षीचा तपासनीस कोण, तर नबहान! ज्याला खल्फानने पंधरा वर्षांपूर्वी हाताला धरून शिकवलं, जो पहिल्या आठवड्यात धावपट्टी सोडून शेजारच्या रस्त्यावर उतरायला निघाला होता, तो नबहान. आता तो चव्वेचाळीसचा होता, पोट थोडं सुटलं होतं आणि बोलणं फार कमी झालं होतं. खल्फानच्या मते पोरगा हुशार होता, पण हातात कागद घेऊन गप्प बसलेला हुशार माणूस कुणाला आवडतो?

खल्फान स्वतः मात्र कागदाचा भक्त होता. पहाटे सलालाच्या विमानतळावर हवामानाचा अंदाज छापून मिळायचा. तो घ्यायचा, तीनदा वाचायचा आणि लाल पेन्सिलीने रेघा मारायचा. तो अंदाज मस्कतला बसलेली शांत डोक्याची माणसं लिहितात, ती सगळं आभाळ बघतात, असं त्याचं म्हणणं. विमानतळाच्या बुरुजावरचा नियंत्रक काय बघतो? एक खिडकी!

आणि सलालाच्या त्या खिडकीत सहा वर्षांपासून तुफूल बसत होती.

तुफूल बिंत बखीत डोफारच्या डोंगरातली. तिचे आजोबा उंट राखायचे आणि धुकं वासावरून ओळखायचे, असं ती सांगायची. वय असेल चौतीसेक, पण वैमानिक तिला पाठीमागे खाला म्हणायचे, कारण ती मावशीसारखी काळजी करायची. जून उजाडून खरीफ, म्हणजे तिकडचा पावसाळा लागला, समुद्रावरून धुकं आणि रिमझिम आत यायला लागली, की रेडिओवर तिची सुरुवात. "कॅप्टन, डोंगराकडून धुक्याचा गोळा येतोय हं." "कॅप्टन, आकडा बरा दिसतोय, पण माझं मन नाही सांगत." आता विमान चालवणाऱ्या माणसाने हिच्या मनाचं काय करायचं?

खल्फानने तिला प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं. त्याला तिचा आवाजच पुरे होता. त्याने एक छोटी वही केली होती. तीन रकाने: कागद काय म्हणाला, तुफूल काय म्हणाली, आणि खरं काय निघालं. शेवटी दोन वेळा: तिने सांगितलं ती आणि तो उतरला ती. उतरायला मिळालं की तुफूलच्या नावावर एक फुली. दोन खरिफांत तिने त्याला सदतीस वेळा सावध केलं होतं आणि त्यातल्या सव्वीस वेळा तो सुखरूप, व्यवस्थित उतरला होता. सव्वीस फुल्या! कॅन्टीनमध्ये तो ही वही काढून दाखवायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे. हिशेबाला कोण नावं ठेवणार?

तपासणीचा दिवस बुधवारी आला. पहाटेच्या कागदावर लिहिलं होतं: सकाळी आठपर्यंत धुकं, नऊनंतर तीन हजार मीटरपर्यंत दिसेल, पाऊस किरकोळ. खल्फानने 'तीन हजार'खाली दोन रेघा मारल्या. जाताना सगळं सुरळीत झालं. मरमूलला सोळा कामगार सुट्टीवर निघायला उभे होते, आणि प्रत्येकाजवळ बायकोला, पोरांना, मेव्हण्याला घेतलेलं काही ना काही. एकाने तर टीव्ही आणला होता.

"हा कुठे ठेवू, कॅप्टन?"

"मांडीवर. आणि लावू नकोस."

वजन जमवायचं तर इंधन कमी भरायला हवं होतं. नऊला सलाला मोकळं होणार असं कागद म्हणत होता, मग जादाचं इंधन कशाला? एकदा उतरायचा प्रयत्न, नाहीच जमलं तर डोंगरापलीकडचा थुमरैतचा हवाई तळ, आणि वर नियमाचा अर्धा तास, एवढं त्याने भरून घेतलं. हे सगळं नियमात होतं. नबहानने आकडे बघितले आणि मान हलवली.

नऊ वाजून पाच मिनिटांनी खल्फानने बुरुजाला हाक दिली. खाली वाळवंट संपत आलं होतं आणि पुढे डोंगराच्या माथ्यावर पांढरं धुकं कापसाच्या गादीसारखं पसरलं होतं.

"कॅप्टन खल्फान, सुप्रभात," तुफूल म्हणाली. "सध्या आठशे मीटर दिसतंय. रिमझिम आहे. ढग फार खाली आहेत."

आठशे. त्याच्या विमानाला उतरायला नियमाने लागतं तेवढंच. एक मीटर कमी नाही, एक जास्त नाही.

"कागद तीन हजार म्हणतो," खल्फान म्हणाला.

"कागद पहाटेचा आहे, कॅप्टन. मी आत्ताची आहे."

नबहानने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. तो हसला की काय ते कळलं नाही.

"नियमाने तुम्ही येऊ शकता," तुफूल पुढे म्हणाली. "मी अडवू शकत नाही, अडवत पण नाही. पण समुद्राकडून धुक्याचे गोळे येतायत, एक गेला की दुसरा. मोठा आत्ता पट्टीच्या टोकाला टेकलाय. माझं ऐकाल तर आत्ता येऊ नका. थुमरैतला लख्ख ऊन आहे. मी तळावर विचारून ठेवलंय, ते घेतील तुम्हाला."

खल्फानच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते घेतील म्हणे! न विचारता हिने परस्पर सोय पण लावून टाकली. त्याने शेजारी पाहिलं. नबहान गुडघ्यावर तो सहीचा कागद घेऊन बसला होता. खल्फानला त्याच्या मनातलं वाचता येत नव्हतं, पण आपण म्हातारे झालो असं तो समजेल, ही भीती मात्र होतीच. आकडा नियमात असताना एका बाईच्या मनाला घाबरून पळणारा वैमानिक. असा माणूस साठीनंतर ठेवतं कोण? खजुरावरच पाठवतील.

"दोन मिनिटांत सांगतो," तो म्हणाला, आणि सवयीने वही काढली. उतरायच्या आधी पहिले दोन रकाने भरायचे, हा त्याचा शिरस्ता. कागद: तीन हजार. तुफूल: आठशे, येऊ नका. वेळ: नऊ सात.

वेळ लिहिली तशी त्याची नजर वरच्या ओळीवर गेली. तुफूलने सांगितलं सात चाळीसला, तो उतरला आठ वाजता. त्याच्या वर: आठ पंचवीस, आठ सत्तेचाळीस. त्याच्या वर: नऊ दहा, साडेनऊ. त्याने पान उलटलं. तिथेही तेच. वीस मिनिटं, बावीस मिनिटं, एकोणीस.

ही वीस मिनिटं आपण कुठे होतो? ती आठवली तेव्हा त्याचे कान गरम झाले. समुद्रावर! तुफूल बोलली की तो चिडायचा, आणि चिडलेल्या डोक्याने विमान उतरवायचं नाही हा त्याचा तेहतीस वर्षांचा नेम होता. म्हणून तो समुद्रावर जायचा, एक सावकाश फेरी मारायचा, मनातल्या मनात तिला चार शब्द सुनवायचा, गार व्हायचा आणि मग यायचा. तोवर गोळा सरकलेला असायचा. पट्टी दिसायची, विमान टेकायचं, आणि हा शहाणा तिच्या नावावर फुली मारायचा. ती म्हणाली होती आत्ता येऊ नका. तो सव्वीसच्या सव्वीस वेळा 'आत्ता' गेलाच नव्हता.

आज फेरीपुरतं इंधन नव्हतं. टीव्ही होता, इंधन नव्हतं. आज जायचं तर सरळ आत्ता, त्या गोळ्यात. नाही दिसली पट्टी, तर धुक्यातून वर उठायचं, डावीकडे डोंगर ठेवून, जेमतेम भरलेल्या टाक्या घेऊन. त्याला हेही कळलं की मस्कतची माणसं सगळं आभाळ बघतात ते खरं, पण आपल्याला उतरायचं आहे ते तुफूलच्या खिडकीत.

"सलाला," खल्फान म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "आम्ही थुमरैतला जातो."

तुफूल म्हणाली, "अल्ला तुमचं भलं करो, कॅप्टन," आणि हे तिने अगदी मनापासून म्हटलं.

त्याने वही खिशात टाकली आणि प्रवाशांना सांगितलं. मागून सोळा जणांचा एकच उसासा आला. नबहानने कागदावर काहीतरी लिहिलं. फक्त एक ओळ. खल्फानने वाचायचा प्रयत्न केला, पण चष्मा वर सरकवलेला होता.

थुमरैतला ऊन डोळ्यांत खुपत होतं. विमान थांबतं न थांबतं तोच मागे फोन वाजायला लागले. टीव्हीवाला पहिला ओरडला.

"कॅप्टन! माझा भाऊ विमानतळावर उभाय. म्हणतो धुकं उडालं! मस्कतचं मोठं विमान आत्ता उतरलं!"

"किती वाजता?"

"आत्ता, आत्ता! दहा मिनिटं झाली नसतील!"

मग काय, सगळ्यांच्या जिभा सुटल्या. कुणी म्हणालं कॅप्टनला थुमरैतची बिर्याणी आवडते वाटतं. कुणी म्हणालं, नाही हो, साठी जवळ आली की प्रत्येक ढगात डोंगर दिसतो. बोलणारी माणसं ओळखीची होती, वर्षानुवर्षं त्याच्या मागे बसणारी, आणि त्यांच्या चेष्टेत विष नव्हतं. तरी ते शेवटचं वाक्य खल्फानला लागायचं तिथे लागलं. दहा मिनिटं! त्याने शिडीवर उभं राहून नबहानकडे पाहिलं. नबहान लांब जाऊन फोनवर बोलत होता आणि पुन्हा पुन्हा मान हलवत होता.

खल्फानचा चेहरा पडला. तरी तो मनाशी म्हणाला की पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा इथेच येईन, आणि असं वाटलं याचं त्यालाच नवल वाटलं.

तळावरच्या सैनिकांनी सगळ्यांना खजूर आणि थंड ताक दिलं; बाहेरच्या विमानाला तिथे इंधन मिळत नव्हतं, तेव्हा तासाभरात बस आली. डोंगराचा घाट उतरायला लागताच रखरखीत माळ संपला, हिरवं गवत सुरू झालं आणि काचांवर बारीक थेंब जमले. कामगारांनी खिडक्या उघडून हात बाहेर काढले. महिनाभर पन्नास अंशात भाजलेली माणसं ती, तोंडावर रिमझिम घेत हसत सुटली. रस्त्याकडेला मस्कतहून, दुबईहून आलेली कुटुंबं चटया टाकून मुद्दाम भिजत बसली होती.

"बघा कॅप्टन," टीव्हीवाला मांडीवरचं खोकं आपल्या सदऱ्याने झाकत म्हणाला, "बरंच झालं. विमानातून हे कुठे दिसलं असतं?"

नबहान शेजारी बसला होता, पण वाटेत फक्त एवढंच बोलला, "उस्ताद, सलालाला पोचलो की बुरुजावर जायचंय. तुम्ही पण चला."

खल्फानने मनात ताडलं. साक्षीदारासमोर निकाल देणार वाटतं हा!

बुरुजाचा जिना चढताना त्याला दोनदा थांबावं लागलं. वर काचेच्या खोलीत एक ठेंगणी बाई कानाला यंत्र लावून उभी होती, हिरवी ओढणी, हातात चहाचा ग्लास. आवाजावरून त्याने उंच, भारदस्त बाई कल्पिली होती. तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"कॅप्टन खल्फान? अहो, तुम्ही तर माझ्या वडिलांएवढे! आवाजावरून चाळिशीचे वाटता." तिने दुसऱ्या नियंत्रकाला खूण करून जागा दिली आणि चहा ओतला. "या कॅप्टन नबहाननी थुमरैतहून फोन करून विचारलं, तुमच्याबद्दल माझं काय मत आहे. मी म्हटलं, बाकीचे सगळे माझ्यावर हसतात. ठाऊक आहे मला, खाला म्हणतात. आकडा नियमात दिसला की थेट घुसतात. एकटे कॅप्टन खल्फान माझं ऐकतात. मी आत्ता नको म्हटलं की एक शब्द न बोलता समुद्रावर जातात, थांबतात, मग येतात. प्रत्येक वेळी. कधी कधी तर मी घरी आईला सांगते, एक तरी माणूस आहे ज्याला माझं बोलणं कळतं."

खल्फानच्या हातातला ग्लास तसाच राहिला. बारा फुटांच्या खजुराला मिठी मारून बसला होता तेव्हा पण त्याला इतकी लाज वाटली नव्हती. नबहान समोर उभा होता, सहीचा कागद टेबलावर होता, आणि ही मुलगी कौतुकाने बघत होती. आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. वैमानिकाची खुर्ची त्याचीच राहणार होती.

त्याने खिशातून वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"पोरी, मी ऐकत नव्हतो," तो म्हणाला. "मी तुझ्यावर चिडायचो. चिडून समुद्रावर जायचो. आणि उतरलो की तुझं चुकलं म्हणून इथे फुली मारायचो. सव्वीस आहेत. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवून हसलोय मी. आज वेळा बघितल्या तेव्हा कळलं. नबहान, हे पण लिही तुझ्या कागदावर."

तुफूलने वही उघडली. एक पान, दुसरं पान. तिच्या भुवया वर गेल्या. खल्फान मान खाली घालून उभा होता. आणि मग ती हसायला लागली, आधी ओढणीत तोंड लपवून, मग उघड, इतकी की दुसरा नियंत्रक रेडिओवर हात धरून "हळू, हळू!" म्हणाला.

"सव्वीस वेळा!" तिने डोळे पुसले. "सव्वीस वेळा रागावून का होईना, पण थांबलात ना? माझा नवरा रागावतो तेव्हा गाडी जास्त जोरात पळवतो हो."

नबहानने खुर्ची ओढली, टेबलावरचा कागद पुढे घेतला आणि सही केली. मोठी, लांब शेपटीची सही, खल्फानने त्याला न शिकवलेली तेवढी एकच गोष्ट.

"उस्ताद," तो म्हणाला, "दहा मिनिटांनी धुकं उडालं ते तुम्हाला आधी माहीत असतं तर तुम्ही पैगंबर झाला असता. वैमानिक म्हणून जेवढं माहीत होतं, त्यावर तुम्ही ठरवलंत. शेजारी मी बसलेलो असताना मागे फिरलात. मी तुमच्या जागी असतो तर, खरं सांगतो, मला तेवढी हिंमत झाली नसती. पुढच्या महिन्यापासून नव्या पोरांना तुम्ही शिकवा. आणि पहिल्या दिवशी त्यांना विमानात नाही, इथे वर आणा."

खल्फान बोलायला गेला आणि भर दुपारी दोन परक्या माणसांसमोर चक्क रडला. तुफूलने त्याच्या हातातला गार झालेला ग्लास काढून घेतला, दुसरा भरून दिला आणि त्याला खिडकीपाशी नेलं. बाहेर पुन्हा एक गोळा समुद्रावरून येत होता. बघता बघता पट्टीचं टोक गेलं, मग मधले दिवे गेले, मग काचेपलीकडे काहीच राहिलं नाही.

"आता किती मीटर दिसतंय?" तुफूलने विचारलं.

खल्फानने बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं. तेहतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "तू सांग."